मुलांबरोबर घरी सुतारकाम: एका फळीतून चिमणीचं घरटं

घरी मुलांना सुतारकाम करू देते म्हटलं की सगळे आधी हेच विचारतात, करवत कुठली आणलीस, हातोडी केवढी, पोरं हात नाही का कापून घेत. मी दोन वर्षं झाली माझ्या दोघांबरोबर रविवारी सकाळी हे करतेय, थोरली आता 9 वर्षांची आहे आणि धाकटा 6 चा, आणि मला विचाराल तर हत्याराचा प्रश्न दुसऱ्या नंबरवर, पहिला प्रश्न लाकूड धरायचं कशात. लाकूड घट्ट बसलेलं असेल तर 6 वर्षांचं पोरसुद्धा शांतपणे करवत चालवतं आणि लाकूड हलत असेल तर मोठ्या माणसाचा पण अंगठा जातो.

हे मला कळलं माहेरी, कुडाळकडे. मे महिन्यात घरात आंब्याच्या लाकडी पेट्या रिकाम्या होऊन पडलेल्या असतात, त्या पट्ट्यांची थोरलीला होडी करायची होती. तिने पट्टी गुडघ्यावर धरली आणि हॅक्सॉ लावली, पट्टी थरथरली, पातं सटकलं आणि डाव्या अंगठ्याचं कातडं सोललं. फार नव्हतं लागलं पण रक्त बघून दोघंही घाबरली आणि मी हॅक्सॉ सरळ माळ्यावर टाकून दिली. दुसऱ्या दिवशी शेजारी एक सुतारकाका खिडकीची चौकट दुरुस्त करायला आले होते, आम्ही तिघं बघत बसलो. ते जमिनीवर बसून लाकूड दोन्ही पायांत असं दाबून धरतात की ते जरासुद्धा हलत नाही, आणि दोन्ही हात मोकळे, एकात पटाशी म्हणजे लाकूड तासायची छिन्नी, एकात हातोडी. त्यांना कालचं सांगितलं तर म्हणाले, "करवत काय करणा नाय गो, लाकूड हललां काय हात जाता."

त्यांचे पाय म्हणजे त्यांचा शिकंजा. पण मुलांनी पायात लाकूड धरायचं नाही म्हणजे नाहीच, त्याला जन्म जातो. आपण सी क्लँप आणायचे, म्हणजे स्क्रू फिरवून लाकूड टेबलाला आवळायचे लोखंडी चाप, 4 इंची, दोन. हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतात. एक पुरत नाही बरं का, एकाच क्लँपवर फळी गोल फिरते, दोन लावले की मग फिरत नाही. टेबलाला वळ उठू नये म्हणून क्लँपच्या जबड्याखाली जाड पुठ्ठा किंवा लाकडाचा तुकडा घालायचा.

आमच्याकडे कामाचं टेबल म्हणजे जुना चौरंग, मूल जमिनीवर गुडघे टेकून बसलं की चौरंग बरोबर कमरेच्या उंचीला येतो आणि खांद्यातून जोर लावता येतो. डायनिंग टेबल मुलांना फार उंच पडतं, हात वर उचलून करवत चालवली की ती वाकडी जाते आणि दोन मिनिटांत दमायला होतं. चौरंग डुगडुगत असेल तर खाली सतरंजी दुमडून घाला, हलायचा पण थांबतो आणि फ्लॅटमध्ये खालच्यांच्या डोक्यावर ठोकठोक पण कमी जाते. दुपारी 2 ते 4 आम्ही हातोडीला हात लावत नाही, तेव्हा घासकाम करायचं.

पहिली वस्तू म्हणून मी मुलांकडून काय करून घेतलं असेल तर अडसर. ही साधी गोष्ट आहे, साधारण 25 बाय 20 सेंमीची एक फळी घ्यायची, तिच्या एका कडेला खालच्या बाजूने एक पट्टी ठोकायची आणि समोरच्या कडेला वरच्या बाजूने दुसरी पट्टी. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला आपलं लाकूड टेकवून डाव्या हाताने दाबून धरायचं आणि करवत पुढे ढकलत कापायचं, म्हणजे करवतीच्या प्रत्येक ढकलीला लाकूड अडसरावर अजूनच घट्ट बसतं. बारक्या पट्ट्या, काठ्या, पेटीच्या फळकुट्या यांना हे पुरतं, दर वेळी क्लँप सोडा-आवळायची कटकट नाही. आणि हे मुलांनी स्वतः केलेलं पहिलं अवजार असतं, माझा धाकटा कोणालाही हात लावू देत नाही त्याच्या अडसराला. फक्त एक बघून घ्या, काही करवतींचे दात ओढताना कापतात, त्या करवतीला अडसर उपयोगाचा नाही कारण लाकूड आपल्याच अंगावर ओढलं जातं, तिथे क्लँपच पाहिजे. ओळखायची रीत म्हणजे दात कुणीकडे झुकलेत ते बघा, टोकाकडे झुकले असतील तर ढकलताना कापणार, मुठीकडे झुकले असतील तर ओढताना.

आता हत्यारं. खेळण्यातला सुतारकामाचा सेट आणू नका, मनापासून सांगते. त्या हातोडीने खिळा आत जात नाही आणि त्या करवतीने काही कापलं जात नाही, मग मूल जोर वाढवतं आणि जोर वाढला की लागतं. खरी हत्यारं आणा पण लहान मापाची. हातोडी 200 ते 250 ग्रॅमची पुरे. बारीक कामाला छोटी हॅक्सॉ, 6 इंची पात्याची, तिचे दात इतके बारीक असतात की चुकून बोटाला लागलं तरी ओरखड्यावर भागतं, ती 5-6 वर्षांपासून देता येते. पातं बसवताना दात पुढच्या बाजूला झुकलेले हवेत. पण रुंद फळीला ही हॅक्सॉ चालत नाही, तिची चौकट मध्ये येते, तिथे 12 इंची छोटी करवत लागते आणि ती मी थोरलीलाच देते, तेही मी समोर बसलेली असताना. भोकं पाडायला हाताने फिरवायचं ड्रिल, ते रहाटासारखं मूठ फिरवायचं असतं ना तेच, नाही मिळालं तर गिरमीट. एक गुण्या म्हणजे काटकोन आखायला, एक टेप, एक कानस, पकड, स्क्रूड्रायव्हर, पॉलिश पेपर 80, 120 आणि 220 नंबरचे. नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक, हे मुलांना उलटं वाटतं म्हणून आधीच सांगून ठेवा. इलेक्ट्रिकचं ड्रिल, कटर, ग्राइंडर यातलं काहीही मुलांच्या हातात नाही, आणि पटाशी आमच्याकडे अजून कपाटातच आहे, ती धारेची असते आणि तिला दोन्ही हात पात्याच्या मागे ठेवायची पक्की सवय लागते, ती सवय लागल्यावर बघू.

गॉगल दोघांना आणि मला पण, कारण मी नाही घातला तर ते घालत नाहीत. केस बांधायचे, ओढणी, लोंबणाऱ्या बाह्या, गळ्यातली माळ काढून ठेवायची, पायात बंद बूट. घासताना मास्क आणि गॅलरीत बसायचं. सागवानाचा भुसा काहींच्या नाकाला नि कातडीला झोंबतो, माझ्या धाकट्याला शिंका लागतात म्हणून आम्ही सागवान घासत नाही. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा गोंदात दाबून केलेली फळी, तर मुलांबरोबर कापू-घासूच नये, त्याची धूळ पिठासारखी बारीक असते आणि त्यात फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. बोटात कूस जाणार हे धरूनच चाला, सुई, चिमटा आणि अँटिसेप्टिक हत्यारांच्याच डब्यात ठेवा.

लाकूड कुठून आणायचं? सुरुवातीला विकत आणूच नका. आंब्याच्या पेट्या, भाजी-फळवाल्याकडची खोकी, सामान आलेलं पॅकिंग. पेटीची फळी पातळ आणि मऊ असते, पकडीने खिळे उपसणं हेच मुलांना अर्धा तास पुरतं (उपसलेले खिळे लगेच डब्यात टाकायचे, मोजून). पॅलेटचं, म्हणजे ज्यावर माल रचून पाठवतात त्या चौकटीचं, लाकूड मिळालं तर त्यावरचा शिक्का बघा, गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असतं आणि शेजारी अक्षरं. एचटी असेल तर लाकूड फक्त तापवलेलं आहे, आतपर्यंत 56 अंशाला 30 मिनिटं, ते चालतं. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते घरात आणू नका. विकत घ्यायचं झालं तर लाकडाच्या वखारीत जाऊन पाइनची फळी मागा, पुण्यात आम्ही भवानी पेठेत टिंबर मार्केटला जातो, मुलांना बरोबर न्या, तो वास आणि ते ढीग बघून त्यांना किती प्रश्न पडतात. प्लायवूड स्वस्त पडतं पण कापल्यावर कडेला टोकदार कुसा निघतात, मोठ्या मुलांना ठीक आहे.

घरटं करायच्या आधी दोन-तीन रविवार नुसता सराव करा, ही पायरी गाळू नका. खिळे ठोकायला आमच्याकडे सगळ्यात भारी काय निघालं असेल तर शेवग्याचा ओंडका. सोसायटीतला शेवगा छाटला होता तेव्हा मांडीएवढी फांदी उचलून आणली, शेवग्याचं लाकूड इतकं मऊ की धाकट्याच्या दोन-तीन ठोक्यांत खिळा आत. त्याने पहिल्या दिवशी 60 का 70 खिळे ठोकले, पकडीने उपसले आणि परत ठोकले. पांगारा मिळाला तरी असाच हलका असतो, सावंतवाडीची लाकडी फळं आणि खेळणी ज्याची करत आलेत तो. हे जमलं की पाइनच्या तुकड्यावर या, तिथे दहा-बारा ठोके लागतात, मूल तोपर्यंत वैतागत नाही कारण हाताला झोक सापडलेला असतो. खिळा बोटाने धरायचा नाही, कपड्याच्या लाकडी चिमट्यात किंवा जुन्या कंगव्याच्या दातांत धरायचा. हातोडी मुठीच्या शेवटाला धरायची, मुलं पार डोक्यापाशी धरतात आणि मग नुसतं टुकटुक होतं.

करवतीचा सराव म्हणजे पेटीच्या पट्टीवर रेघा मारायच्या आणि एकेक कापायची. सुरुवात करताना करवत उलट दिशेने, आपल्याकडे, दोन-तीनदा अलगद ओढायची म्हणजे खाच पडते, मग पूर्ण लांबीने सावकाश. मुलांना घाई असते, ती बारीक बारीक झटके मारतात आणि पातं अडकतं. आमच्याकडे मी "आ...लं, गे...लं" असं लांब सुरात म्हणते, त्या तालावर करवत चालते, लहानपणी पाटा-वरवंट्यावर आजी असाच ताल धरायची. आणि रेघेवर नाही कापायचं, रेघेच्या बाहेरून कापायचं, टाकाऊ बाजूने. करवतीच्या जाडीएवढं लाकूड भुसा होऊन जातं, दीड-दोन मिलिमीटर, हे थोरलीला मी नुसतं सांगितलं तेव्हा पटलं नाही, 10 सेंमीचे तीन तुकडे 30 सेंमीच्या पट्टीतून काढून बघ म्हटलं, तिसरा आखूड आला तेव्हा पटलं. शाळेत अपूर्णांक नि दशांश हे गणिताच्या वहीतले असतात, इथे 11.4 सेंमी म्हणजे नक्की कुठे रेघ मारायची हा प्रश्न असतो. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 पासून हेच धरलं, मुलांनी खरी, वापरायची वस्तू करायची आणि तिच्यातून विज्ञान-गणित यायचं. मी ते घरात चौरंगावर करतेय एवढंच.

आता घरटं. चिमणी का, तर ती आपल्या घरांच्या फटीत, फोटोच्या मागे, वाशांच्या खोबणीत राहणारी, आणि आपल्या नव्या बिल्डिंगींना फटीच नाहीत. 20 मार्चचा जागतिक चिमणी दिवस आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने 2010 पासून सुरू केलाय, आम्ही पहिलं घरटं त्याच मुहूर्तावर लावायचं ठरवलं होतं, झालं एप्रिलमध्ये, काही हरकत नाही.

फळी एकच लागते, 15 सेंमी रुंद, 18 मिमी जाड, 5 फूट लांब. खिळे दीड इंची. तुकडे असे:

मागची फळी 35 सेंमी
दोन बाजू मिळून 45 सेंमी
पुढची फळी 19 सेंमी
छप्पर 22 सेंमी
तळ 11.4 सेंमी

तळाचं माप असं का, तर 15 मधून दोन्ही बाजूंच्या फळ्यांची जाडी वजा, 1.8 आणि 1.8. तुमची फळी वेगळ्या जाडीची असेल तर हे माप बदलेल, हे गणित मुलांना करू द्या, तुम्ही गप्प बसा. सगळे तुकडे एकदम आखू नका, एक आखायचा, कापायचा, मग पुढचा, नाहीतर करवतीने खाल्लेलं लाकूड साचत साचत शेवटच्या तुकड्यात निघतं.

दोन बाजूंचा भाग सगळ्यात मजेशीर आहे. 45 सेंमीचा तुकडा आडवा ठेवा. वरच्या कडेवर डावीकडून 25 वर खूण, खालच्या कडेवर डावीकडून 20 वर खूण, दोन्ही जोडून तिरकी रेघ. एकच काप, आणि दोन्ही बाजू तयार, दोन्ही एकीकडे 25 आणि दुसरीकडे 20 उंच, छपराचा उतार आपोआप आला. थोरलीने तो काप संपवला आणि दोन तुकडे एकावर एक ठेवून बघितले, ते बरोबर जुळले, ती किती तरी वेळ उघडझाप करत बसली होती. हा काप तिरका आहे म्हणून इथे क्लँप दोन्ही, आणि मोठ्या माणसाने सुटं टोक खालून नुसतं तोलून धरायचं, वर उचलायचं नाही, उचललं की करवत चिमटीत सापडते.

पुढची फळी 19 का, 20 का नाही? आमची चूक झाली होती म्हणून सांगते. बाजूंची पुढची उंची 20 आहे म्हणून मी पण पुढची फळी 20 सांगितली. छप्पर ठेवलं तर ते डुगडुगायला लागलं. मी कानशीने घासायला निघाले होते पण थोरलीने डोळा लावून बघितलं आणि म्हणाली आई उतार अजून पुढे चाललाय ना, ही फळी बाजूंच्या पण पुढे आहे म्हणजे ती कमी पाहिजे. बरोबर होतं तिचं, 15 सेंमीला 5 सेंमी उतार म्हणजे 1.8 सेंमीला 0.6, म्हणजे 19.4 च्या वर गेली की छपराला लागणार. 19 ठेवली की वर बारीक फट राहते आणि आतली गरम हवा तिथून निघून जाते, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती फट हवीच.

भोक 32 मिमी व्यासाचं, मध्य वरच्या कडेपासून 4.5 सेंमीवर. 32 मिमीमधून चिमणी जाते, साळुंकी जात नाही. मोठं ड्रिल आणि होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) असेल तर हे काम मोठ्यांनी करायचं, किंवा कोपऱ्यावरच्या सुताराकडे न्या, दोन मिनिटांत पाडून देतो. पण आम्ही हाताने केलं, कर्कटकने गोल आखला, गोलाच्या आतून कडेकडेने हँड ड्रिलने जवळजवळ भोकं पाडत गेलो, मधला तुकडा ठोकून काढला आणि गोल कानशीने घासला. दोन रविवार गेले. धाकट्याला याच कामात सगळ्यात जास्त गोडी लागली, दर पाच मिनिटांनी तो कंपासमधलं नाणं घालून बघायचा. भोकाखाली बसायला दांडी लावायची नाही, विकतच्या घरट्यांना असते पण चिमणीला ती लागत नाही आणि दांडीवर दुसरे पक्षी येऊन बसतात. त्याऐवजी पुढच्या फळीच्या आतल्या बाजूला भोकाच्या खाली खिळ्याने आडवे ओरखडे काढा, पिल्लांना वर चढायला पकड मिळते. हे ओरखडे काढणं 5 वर्षांच्या मुलाचं काम, जितके वेडेवाकडे तितके चांगले. आतून पॉलिश पेपर मारायचा नाही, आतून खडबडीतच हवं. बाहेरून कडा मारा म्हणजे हाताला कुसा लागणार नाहीत.

तळाच्या चार कोपऱ्यांना एकेक 5-6 मिमीचं भोक, पाणी गेलं तर निथळायला.

जोडणी. इथे फळ्या फाटतात, विशेषतः टोकाजवळ ठोकलं की. तीन गोष्टी करा. टोकापासून जमेल तितकं आत ठोका, आधी खिळ्यापेक्षा बारीक ड्रिलने भोक पाडून घ्या, आणि खिळ्याचं टोक हातोडीने एकदा बोथट करा. तिसरं ऐकून सगळ्यांना नवल वाटतं, पण टोकदार खिळा लाकडाच्या रेषा पाचरीसारख्या फाकवतो आणि बोथट खिळा त्या तोडत जातो म्हणून फाटत नाही. स्क्रू वापरत असाल तर त्यावर साबण किंवा मेणबत्ती घासा, मुलांच्या मनगटाला जोर कमी पडतो तिथे फार फरक पडतो.

आधी दोन्ही बाजूंच्या मध्ये तळ, तोही अगदी खालच्या कडेला न बसवता अर्धा सेंमी वर, म्हणजे खाली ओघळलेलं पाणी तळात मुरत नाही. मग पुढची फळी, मग मागची. मागची फळी 35 ची आणि बाजू 25 च्या, म्हणजे वर 5 आणि खाली 5 सेंमी मोकळी राहते, तिथेच टांगायला भोकं. सांध्यांना फेविकॉल लावायचा असेल तर मरीन घ्या, साधा पांढरा पावसात टिकत नाही. लावून रात्रभर क्लँपमध्ये ठेवायचा, आणि मुलं सकाळी उठल्या उठल्या क्लँप सोडायला धावतात, तेव्हा आधीच ठरवून ठेवा कोण सोडणार, आमच्याकडे यावरून एकदा रडारड झाली.

छप्पर ठोकून बंद करू नका, ते उघडायला हवं. बिजागरी म्हणून सायकलची जुनी ट्यूब कापून 15 बाय 5 सेंमीची पट्टी, अर्धी मागच्या फळीवर अर्धी छपरावर, चुका म्हणजे बारके खिळे मारून. मागच्या फळीत आणि छपरात जी फट राहते तीही याच पट्टीने झाकली जाते, पाणी आत जात नाही. सायकलवाल्याने आम्हाला ट्यूब फुकट दिली, कशाला पाहिजे विचारलं आणि सांगितल्यावर अजून एक दिली. पुढे एका बाजूला छपरातून एकच स्क्रू, साफ करताना काढायचा.

रंग आतून अजिबात नाही. बाहेरून पण नाही दिला तरी चालतं, फार तर जवसाचं तेल दोन हात. तेल लावलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि गोळा झालेलं फडकं आपोआप पेटू शकतं, पाण्यात भिजवून किंवा पसरून वाळवून मगच टाका. धाकट्याला लाल-पिवळं रंगवायचं होतं, त्याला म्हटलं अडसर रंगव, तो आता लाल-पिवळा आहे.

एक गोष्ट माझ्यासारख्या आयांना आणि बाबांना. खिळा वाकडा गेला की आपला हात आपोआप पुढे जातो. नका जाऊ देऊ. वाकडा खिळा उपसता येतो आणि ते उपसणं पण शिकण्यातच येतं. मी काम चालू असताना हात मागे बांधून बसते, खरंच बांधून, आणि मुलांना सांगून ठेवलंय की फक्त "थांब" म्हटलं की त्या क्षणी हत्यार खाली ठेवायचं, बाकी मी काही बोलणार नाही. थांब मी उगाच वापरत नाही, म्हणून तो ऐकला जातो. आणि पाऊण तासाच्या वर नाही, मुलं दमली की डोळे हत्यारावर राहत नाहीत, अर्धं राहिलं तर राहू दे, पुढच्या रविवारी.

टांगायचं कुठे तर 8-10 फूट उंचीवर, छज्जाच्या सावलीत, मांजर पोचणार नाही अशा ठिकाणी. पश्चिमेचं ऊन थेट नको, आणि आपल्याकडे पावसाचा झोत नैऋत्येकडून येतो म्हणून भोक त्या दिशेला नको, पूर्व किंवा उत्तर बरी. पंख्यापासून लांब. भिंतीवर चढून लावायचं काम मोठ्यांचं, मुलांनी खालून सरळ आहे का सांगायचं. शेजारी उथळ मातीच्या ताटलीत पाणी, थोडी बाजरी किंवा कण्या, आणि वाळलेल्या गवताची एक जुडी गॅलरीच्या गजाला अडकवून ठेवा, गवत आत भरू नका, ते तिचं ती नेते.

मग थांबायचं. आमचं घरटं सात महिने रिकामं होतं. मुलं पहिले आठ दिवस रोज बघायची, नंतर विसरली, आणि एक दिवस थोरली शाळेला जाताना ओरडली की गवत बाहेर आलंय. एकदा चिमण्या आल्या की छप्पर उघडून बघायचं नाही, कितीही वाटलं तरी. अंडी उबायला साधारण 11 ते 14 दिवस आणि पिल्लं उडायला त्यानंतर साधारण दोन आठवडे, आम्ही कॅलेंडरवर खुणा केल्या आणि लांबून चोचीत काय काय येतं ते लिहून ठेवलं, अळ्याच जास्त येत होत्या. पिल्लं उडून गेली आणि आठ-दहा दिवस कोणी फिरकलं नाही की स्क्रू काढा, हातमोजे आणि मास्क घालून जुनं गवत काढा, उकळतं पाणी ओता (हे मोठ्यांनी), उन्हात कडकडीत वाळवा आणि परत तिथेच लावा.

फळी 5 फुटी घेतली असेल तर सगळं कापून 18-19 सेंमीचा तुकडा उरतो. तो लहान भावंडाला द्या, काय करायचं ते त्याला ठरवू द्या. आमच्या धाकट्याने त्याला एका टोकाला दोन तिरके काप दिले, मध्ये गिरमिटाने भोक पाडून उदबत्तीची काडी रोवली आणि वर पिंपळाचं पान लावलं, मे महिन्यात पेटीच्या पट्टीची राहिलेली होडी ती. बादलीत सोडली तर एका बाजूला कलते, तो म्हणतो पुढच्या रविवारी खाली खिळा ठोकून वजन देणार.